दोन तबकड्या, एक लय



‘डीजे’ हीं दोन अक्षरें ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथें उच्चारलीं, कीं बहुतेक गृहस्थांच्या कपाळावर आठ्या पडतात. मिरवणुकींत किंवा हळदीच्या मांडवाशेजारीं ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहावी, खिडक्यांचीं तावदानें थरथरावीं आणि घरांतल्या वृद्धांनीं कानांवर हात ठेवावे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ पुष्कळांच्या लेखीं उरला आहे. वस्तुतः मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकड्या हांकणारा. आणि तो जन्मला अमेरिकन नभोवाणींत, ध्वनिमुद्रिका लावणाऱ्या निवेदकांसाठीं. या कलेचें मर्म गोंगाटांत नसून ऐकण्यांत आहे. तरुणपणीं तिचा नाद केलेला एखादा गृहस्थ वीस-पंचवीस वर्षांनीं पुन्हां दोन फिरत्या तबकड्यांपुढें बसतो, तेव्हां तो त्या मर्माकडेच परतत असतो.

न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो यानें एक गाणें संपण्यापूर्वींच दुसरें त्याच्या लयींत बेमालूम मिसळण्याची रीत रूढ केली. तिला साजेसें यंत्र जपाननें दिलें. माट्सुशिता कंपनीनें १९७० सालीं पट्ट्याऐवजीं थेट मोटरीवर फिरणारें टर्नटेबल बाजारांत आणलें; १९७२ सालीं ‘टेक्निक्स एसएल-१२००’ आलें; आणि १९७९ च्या सुधारित यंत्रांत वेग शेंकडा ८ पर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी बसविली गेली. या मालिकेचें उत्पादन २०१० सालीं थांबलें व २०१६ सालीं पुन्हां सुरू झालें. तबकड्यांची हौस जगभर परतल्याची ती एक खूणच होय.

आतां कृति पाहूं. तबकडीखालीं नमद्याची पातळ चकती असते. त्यामुळें हातानें तबकडी रोखून धरली, तरी खालचें चाक फिरतच राहतें. आणि नेमक्या ठोक्यावर हात सोडला, कीं गाणें त्याच क्षणीं धांवूं लागतें. एका कानास हेडफोन लावून येणारें गाणें ऐकावयाचें, दुसऱ्या कानानें चालू गाणें. चालू तबकडी मिनिटास १२० ठोके देत असेल व येणारी १२५, तर दुसरीचा वेग शेंकडा ४ नें उतरवावा लागतो. परंतु वेगाबरोबर स्वरहि हालतो. वेग सुमारें शेंकडा ६ नें वाढला, कीं गाणें अर्ध्या स्वरानें चढतें. पेटीच्या भाषेंत बोलावयाचें तर पांढरी एकची काळी एक होते. शिवाय केवळ ठोके जुळून भागत नाहीं. एकाच्या आवर्तनाची सम दुसऱ्याच्या समेवर पडली पाहिजे. ज्यानें तबलजीला गवयाच्या समेकडे कान लावून बसलेलें पाहिलें आहे, त्यास ही गोष्ट अधिक सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, संगणक हें सारें एका कळीसरशीं करतो. मग हा खटाटोप कशाला? खटाटोपांतच फळ आहे, हें त्याचें उत्तर. यंत्र लय जुळवून देतें, पण ऐकावयास लावीत नाहीं. परतलेल्या हौशी माणसास पहिले कांहीं आठवडे दोन ठोके एकमेकांवर आदळतांना ऐकावे लागतात. कोणता पुढें, कोणता मागें, हेंहि कळत नाहीं. त्यानें एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती घेऊन आरंभ करावा, मग यांत्रिक तालवाद्याच्या तबकड्या घ्याव्या. कारण त्यांची लय ढळत नाहीं. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांत वादक माणसें असत. त्यांची लय श्वासासारखी किंचित् वाढते, किंचित् ओसरते. म्हणून तेथें हात सरकपट्टीवरून काढतां येत नाहीं. आणि कोळीगीताचा सहांचा झुलता ठेका चारांच्या सरळ ठेक्यावर बसवूं गेल्यास दोन्ही गाण्यांची मोडतोड होते. कोणतें गाणें कोणाशेजारीं नांदेल, हें समजणें हाच या छंदांतील विवेक होय.

घरांतील जुनी पेटी उघडतांना मात्र सावध असावें. मिनिटास ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका लाखेच्या. त्या ठिसूळ असतात व त्यांची खांच रुंद असते. त्यांस निराळी सुई लागते. आणि जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखालीं व्हिनाइलची तबकडी ठेवली, तर ती कायमची जाते. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, तेव्हांपासूनचा हा ठेवा आहे. पुढें मागें ओढण्याच्या खेळास तो देऊं नये. खाडीकांठच्या दमट हवेंत तबकड्या उभ्या ठेवाव्या, उन्हापासून दूर ठेवाव्या आणि पावसाळ्यांत त्यांवर बुरशी धरली नाहीं ना, हें अधूनमधून पाहावें.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घालून दिली आहे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, सामाईक भिंतीआड, नियमापेक्षांहि शेजारधर्म मोठा. सुदैवानें या कलेचा बराच अभ्यास हेडफोनमध्येंच होतो. शेवटच्या लोकलनें घरीं आलेला माणूस सर्व निजल्यावर तासभर दोन तबकड्या जुळवीत बसला, तरी कोणाची झोंप मोडत नाहीं.

ज्या शब्दानें शेजारी कंटाळले, त्याच शब्दाचा मूळ धंदा असा निःशब्दपणें करतां येतो. दोन निराळीं गाणीं क्षणभर एका लयींत चालतात. तीं तशीं चालावीं म्हणून मध्यें बसलेल्या माणसास दोहोंकडे सारखेंच कान द्यावे लागतात. गजबजलेल्या शहरांत एवढी संवय ज्याच्या अंगीं आली, त्याचा वेळ वायां गेला असें कोण म्हणेल?