शेगडी, कोरडी हवा आणि बंद दार
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



थंडी वाढली की निफाडचा पारा पेपरात येतो, आपल्या घरचा कोणी मोजत नाही. पण संध्याकाळी घमेल्यात निखारे भरून खोलीत येतात, दार लागतं, खिडकीला गोणपाट. सकाळी उठावं तर घसा कोरडा, ओठ फुटलेले, एखाद्या पोराचा घोळणा फुटलेला.

थंड हवेत पाण्याची वाफ मुळातच कमी असते. तीच हवा तापवली की तिला आणखी ओल हवी असते. मग ती आपल्या कातडीतून, नाकातून ओढून घेते.

उपाय घरातलेच आहेत. अंघोळीला कढत पाणी नको, कोमट घ्या. अंग टिपून थोडं ओलसर असतानाच खोबरेल लावा, पार वाळल्यावर चोळून तेवढा गुण येत नाही. टाचांना रात्री तेल लावून मोजे घाला. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पीत राहा. तान्ह्या बाळाच्या नाकात मात्र तेल सोडू नका, सासूबाई कितीही म्हणोत. ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकतं. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी पाय शेकू नयेत. पायाला बधिरपणा असेल तर भाजलेलं कळतच नाही.

आता खरं बोलायचं ते पातेल्याचं. शेगडीजवळ पाण्याचं पातेलं ठेवलं की हवेला थोडी ओल मिळते, हे बरोबर. पण काहीजणी म्हणतात, "पाणी ठेवलंय ना, मग गॅस पाण्यात जातो, दार लावलं तरी चालतं." ताईंनो, हे साफ चूक आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि पाणी तो ओढून घेत नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त झोपतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही, जीव जातो.

म्हणून झोपायच्या आधी शेगडी बाहेर. विझत आली असली तरी बाहेर. ती पेटती असेपर्यंत दार-खिडकी उघडी हवी. घरात एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं तर सर्दी समजू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा.

मला माहीत आहे, ज्या घरात पांघरूण कमी त्याच घरात शेगडी रात्रभर राहते. तिथे नुसतं "बाहेर ठेवा" सांगून काय होणार? गोधडी-ब्लँकेटसाठी अंतर्गत कर्ज द्यायला गटाला काय हरकत आहे? बियाण्याला देतोच ना. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने कोणाच्या घरी किती पांघरुणं कमी आहेत ते लिहून आणा. जुनी लुगडी, साड्या असतील तर त्याही आणा. गोधडी शिवणाऱ्या चौघी-पाचजणी आपल्यातच बसल्यात.