दंगल नसताना बसायचं



जालन्यात सणांच्या आधी शांतता समितीची बैठक होते, तुम्ही पाहिलीच असेल. मीही दोनदा गेलो. पुढच्या रांगेत ठरलेली माणसं, भाईचाऱ्याची भाषणं, चहा-बिस्किट, फोटो. तासाभरात सगळे घरी. शेजारी बसलेल्या माणसाचं नावही मी विचारलं नाही. चूक माझीही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात रात्री दोनला सर्व्हर बंद पडतो. कोणाला उठवायचं हे आधी ठरलेलं नसेल तर सकाळ होते. मोहल्ल्याचंही तसंच.

भिवंडीत 1970 आणि 1984 ला भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त, हिंदूही आणि मुस्लिमही, सोबत पोलीस. काही घडलेलं नसतानाही बसायचं, किरकोळ भांडणं तिथल्या तिथे मिटवायची. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगानुसार सुमारे 900 माणसं गेली. जवळची भिवंडी शांत राहिली.

पण त्याच भिवंडीत जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन मुस्लिम तरुण गेले, नंतर जमावाने दोन पोलिसांना मारलं. म्हणजे एकदा कमावलेला भरवसा कायमचा राहत नाही. ही अर्धी गोष्ट आपण भाषणांत गाळतो.

आमच्या दोन गल्ल्या गेलं दीड वर्ष महिन्यातून एकदा बसतात. सुरुवातीला नळ आणि गटार, एवढंच. आठव्या बैठकीत समोरच्या गल्लीतले एक काका म्हणाले, "तुमच्या भोंग्याचा त्रास होतो, पण सांगायची भीती वाटायची." आमचे एक चाचा चिडून उठून गेले. मला वाटलं, संपलं. पुढच्या महिन्यात तेच सगळ्यांआधी येऊन बसले. म्हणाले, "भोंग्याचं बोलू, पण मग डीजेचंही बोलू."

भोंग्याचा आवाज आता कमी केलाय. डीजेचं अजून ठरत नाहीये. बायका अजून बैठकीला येत नाहीत, हे आमचं अपयश. माझी बहीण म्हणते, वेळ मगरिबनंतरची ठेवता, तेव्हा चुलीजवळ कोण असतं? म्हणून पुढची बैठक रविवारी दुपारी तीनला ठेवलीय. तुम्ही या. आईला, बहिणीलाही आणा.