उड्डाण आणि नंतरचे चाळीस दिवस
(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण)

अध्यक्ष महोदय, कमिटीचे सभासद आणि दुधाची वाट बघणाऱ्या बाळगोपाळांनो,

आज शिवाजी पार्कवर पूर्ण चंद्र आलाय, तेव्हा त्याच्याबद्दलच बोलतो.

आधी २०१९ आठवा. गणपतीचे दिवस होते. ७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ उतरणार म्हणून आपण मध्यरात्र उलटली तरी जागे होतो. चंद्र अगदी हाताशी आला आणि संपर्क तुटला. आपल्याकडचा एक सातवीतला मुलगा तेव्हा ढसाढसा रडला होता.

मग १४ जुलै २०२३. दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघालं. ६४० टनांचं धूड आगीवर उभं राहून वर सरकलं आणि टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा पेन्शनरांच्याही अंगावर काटा आला. त्यातली विकास इंजिनं आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात घडलेली!

सोळा-सतरा मिनिटांत यान कक्षेत पोहोचलं. टीव्ही बंद, मंडळी चहाला. पण खरी गंमत पुढेच होती. थेट चंद्र गाठायला फार मोठं रॉकेट लागतं. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. झोपाळा खाली आला की आपण धक्का देतो ना, तसं यान पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडा वेळ पेटवायचं; पुढचा फेरा आणखी लांब जातो. १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं, ५ तारखेला त्याच्या कक्षेत शिरलं.

हे सगळं रोज संध्याकाळी कट्ट्यावर आम्हाला कोण समजावत होतं? तोच मुलगा, आता अकरावीतला. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला, तेव्हा तो पुन्हा रडला. या वेळी आम्हीही.

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीचेही काही बेत फसले, पुन्हा जमले. त्यामुळे हे आपल्याला नवीन नाही.

शेवटी कमिटीला एक विनंती. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून, दीड तासाला एक फेरी घालतं. काही दिवशी सूर्यास्तानंतर ते इथूनही दिसतं. न लुकलुकणारा ठिपका, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडतो. दुर्बीण लागत नाही, गच्चीची चावी तेवढी लागते. अध्यक्षसाहेब, त्या संध्याकाळी ती मुलांना द्या.

दूध उकळलंय.