मूळ टेबलाची मोजणी कोण करणार?

आपल्या सातारा-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत, बँकांत आणि पतसंस्थांत संगणक विभाग सांभाळणाऱ्या मंडळींशी आज मला बोलायचं आहे. वेळ थोडा आहे, त्यामुळे पार्टिशन म्हणजे काय आणि प्लॅनर काय करतो हे सांगत बसत नाही, ते तुमच्या रोजच्या हातातलं आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची पार्टिशनं केलीत, की मूळ टेबलावर अ‍ॅनालाइझ तुम्हालाच चालवावं लागतं. ऑटोव्हॅक्यूम ते करत नाही.

"पण आमचं ऑटोव्हॅक्यूम चालू आहे की!" हे उत्तर मी कराडात ऐकलं, विट्यात ऐकलं, वाईतही ऐकलं. अहो, चालू असणारच. एकेक पार्टिशन त्याच्या लेखी साधं टेबल असतं. नेहमीच्या सेटिंगप्रमाणे दहा टक्के आणि वर ५० एवढ्या ओळी बदलल्या, की ते त्या पार्टिशनची आकडेवारी ताजी करतं. मूळ टेबलात मात्र स्वतःची एकही ओळ नसते, म्हणून तिकडे ते फिरकतच नाही.

मग सगळ्या पार्टिशनांची आकडेवारी ताजी असताना मूळ टेबलाची वेगळी कशाला? बेरीज करावी की! इथंच गाडं अडतं. गावजेवणाचं बघा. पाच वाड्यांचं गाव आहे आणि प्रत्येक वाडीनं आपापली जेवणाऱ्यांची यादी आजच लिहून आणली आहे. आचाऱ्यानं पाच याद्या जोडल्या. पण एकाच माणसाचं घर वरच्या वाडीत, मळा खालच्या वाडीत आणि सासुरवाडी तिसरीकडे, म्हणून त्याचं नाव तीन याद्यांत आलंय. नावं किती ते बेरजेनं कळलं, माणसं किती ते नाही कळलं. त्यासाठी पाचही याद्या शेजारी ठेवून गावची एक यादी करावी लागते. ती कुणी केलीच नसेल तर आचारी अंदाज बांधणार, आणि आपल्या या आचाऱ्याचा अंदाज ठरलेला असतो: २००. आकडेवारी नसलेल्या रकान्यात वेगवेगळी मूल्यं किती, असं विचारलं तर पोस्टग्रेसचा प्लॅनर २०० धरून चालतो.

दोनशेच माणसं असतील तर एकेकाजवळ जाऊन ताट वाढता येतं. तेच आपलं नेस्टेड लूप. पण मांडवात वीस हजार माणसं बसली असतील तर काहिली चढवून पंगतीच उठवायला हव्यात. ते हॅश जॉइन. आचारी वाईट नाही हो! त्याला गावची यादी कुणी दिली नाही.

आपल्याच भागातल्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. वजनकाट्याच्या नोंदींचं टेबल, हंगामागणिक एक पार्टिशन. रचना उत्तम होती. चालू पंधरवड्याचं बिल झटकन निघायचं, कारण ती क्वेरी एकाच पार्टिशनमध्ये जाते. पण सगळ्या हंगामांची परतीची ठेव सभासदवार जमवून सोसायटीच्या वसुलीशी जोडायची म्हटलं, की सर्व्हर रात्रभर घुमत राहायचा. मेमरी वाढवा, नवा सर्व्हर घ्या अशी बोलणी सुरू झाली होती. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ लावून पाहिलं. सभासदवार गटांच्या ओळीत अंदाज २००, आणि प्रत्यक्षात आलेल्या ओळी हजारोंनी! एकच सभासद दरवर्षी ऊस घालतो, म्हणजे प्रत्येक पार्टिशनमध्ये तोच क्रमांक पुन्हा येतो, आणि मूळ टेबलावर अ‍ॅनालाइझ कधी चाललंच नव्हतं. ते चालवलं आणि काम सरळ झालं. नव्या सर्व्हरची गरजच उरली नाही.

यात पैशाचा आणि शब्दाचा प्रश्न आहे, म्हणून तळमळीनं सांगतो. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची असते, उशीर झाला तर वर १५ टक्के व्याज. बिलाच्या रात्री असलीच एखादी क्वेरी सर्व्हर अडवून बसली, तर शेतकऱ्याला काय सांगणार? प्लॅनर चुकला म्हणून?

आणि एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ वेगळं, अ‍ॅनालाइझ वेगळं, एवढं कृपा करून लक्षात ठेवा. पहिल्यानं फक्त क्वेरीची चाल दिसते, आकडेवारी ताजी होत नाही. "अ‍ॅनालाइझ केलंय की" म्हणणारे निम्मे लोक पहिलंच करून थांबलेले असतात.

पोस्टग्रेस बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. अशी पार्टिशनं २०१७ साली दहाव्या आवृत्तीत आली. चौदाव्या आवृत्तीच्या चाचणीत मूळ टेबलाची मोजणी आपोआप करायची सोय घातलीही होती, पण त्यात अडचणी निघाल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती काढून घेतली. ओरॅकलनं प्रत्येक पार्टिशनचा गोषवारा साठवून त्यांची जुळणी करायची वाट काढली आहे, पण तिकडे आता वळत नाही.

कधी चालवायचं? टेबल पहिल्यांदा भरलं की लगेच. नव्या हंगामाचं पार्टिशन जोडून थोडे दिवस गाळप झालं की पुन्हा, कारण सुरुवातीला आडसालीचा भर असतो, पुढे सुरू आणि खोडव्याचं प्रमाण वाढतं, वाटणी बदलत जाते. जुना हंगाम बाजूला काढलात तरी पुन्हा. "काटा थांबेल" ही भीती नको. अ‍ॅनालाइझ चालू असताना काट्यावरची नोंद थांबत नाही, आणि ते सगळं टेबल वाचतही नाही, नेहमीच्या सेटिंगला ३०,००० ओळींचा नमुना घेतं. अठराव्या आवृत्तीत तर 'अ‍ॅनालाइझ ओन्ली' म्हटलं की पार्टिशनं वगळून फक्त मूळ टेबलाची मोजणी होते. फार मोठ्या टेबलात एवढ्या नमुन्यावरून सभासद कमी मोजले जातात, त्यासाठी 'एन-डिस्टिंक्ट-इनहेरिटेड' नावाचं सेटिंग आहे. ते कसं ठरवायचं हे आज सांगणं होणार नाही, नाव तेवढं लिहून ठेवा.

वेळ संपत आला. आज कामावर गेलात की 'पीजी-स्टॅट-यूजर-टेबल्स' उघडा आणि मूळ टेबलाच्या ओळीत 'लास्ट अ‍ॅनालाइझ' हा रकाना बघा. शेजारचा 'लास्ट ऑटोअ‍ॅनालाइझ' रिकामाच असणार, त्यावर विसंबू नका. पहिलाही रिकामा असेल, तर पहिली मोजणी आजच करा आणि पुढच्या मोजणीची वेळ क्रॉनमध्ये घालूनच उठा.