काचेच्या पेटीतील गौरामी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी ठेवून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस छत्रपती संभाजीनगरातील सुशिक्षित घरांतून आता नवलाईची राहिलेली नाही. मुले शाळेतून आली की दप्तर टाकून प्रथम त्या पेटीपुढे उभी राहतात आणि आजोबाही वर्तमानपत्र बाजूस ठेवून त्यांच्या घोळक्यात सामील होतात. परंतु या हौसेचा शेवट पुष्कळदा गोड होत नाही. मोठ्या कौतुकाने आणलेली पेटी दोन महिन्यांत रिकामी होऊन माळ्यावर जाते, आणि मासा का मेला या मुलाच्या प्रश्नाला घरात कोणापाशीच उत्तर नसते. ते उत्तर शोधावयाचे झाल्यास गौरामी या लहानशा, शांत स्वभावाच्या माशाचे उदाहरण फार उपयोगी पडते.

गौरामी हे नाव जावा बेटावरचे. तिकडे खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या एका मोठ्या माशाला ते नाव आहे. तथापि घरच्या पेटीत शोभणारे त्याचे धाकटे भाऊबंद परदेशचे नसून गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील संथ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यातले आहेत. बंगाली लोक त्यांना खलिशा म्हणतात. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञाने गंगेतील माशांवरील आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला, त्यात यांपैकी दोन जातींचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले. बाजारात त्यांतील एक हनी गौरामी व दुसरी ड्वार्फ गौरामी या नावाने मिळते. पहिली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांबीची, मधाच्या रंगाची आणि भिडस्त. दुसरी किंचित मोठी, तिच्या नराच्या अंगावर तांबडे व निळे पट्टे असतात. मात्र असे दोन नर एका लहान पेटीत ठेवले तर त्यांचे पटत नाही. नवशिक्याने पहिलीच पसंत करावी.

या माशांचे वैशिष्ट्य त्यांच्या श्वासात आहे. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत त्यांना वळ्यावळ्यांचा एक अवयव असतो. त्याची रचना एखाद्या भूलभुलैयासारखी असून तिच्यावर रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते. मासा अधूनमधून वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि त्या हवेतील प्राणवायू तेथे रक्तात मिसळतो. मराठवाड्यातील गृहिणीला ही गोष्ट अगदीच अपरिचित नाही. बाजारात मरळ मासा थोड्याशा पाण्यात बराच काळ जिवंत राहतो, तो अशाच प्रकारच्या सोयीमुळे. दलदलीत व उथळ डबक्यांत उन्हाळा काढावयाचा असल्यामुळे निसर्गाने या कुळाला हे दान दिले आहे.

परंतु हेच दान माणसाच्या घरी त्याच्या जिवावर उठते. हा मासा हवा घेतो, सबब त्याला मोठी पेटी नको, पाणी गाळणारे यंत्र नको, एखादी काचेची बरणीही पुरे, असा समज सर्रास आढळतो. मासा काही दिवस तगतो आणि तो समज खरा वाटू लागतो. वस्तुतः पाण्यात विरलेल्या विषावर हवेचा घोट हा उतारा नव्हे. माशाच्या उत्सर्जनातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो कल्ले जाळीत राहतो. पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका तो अधिक घातक. मासा ओरडत नाही, तक्रार करीत नाही. तो केवळ रंग हरवून कोपऱ्यात राहतो आणि एके सकाळी तरंगताना दिसतो. तग धरणे आणि सुखाने जगणे यांतील हे अंतर ज्याने ओळखले, त्याला मत्स्यपालनाची अर्धी विद्या साधली.

पाण्याचा प्रश्न या शहराला नवा नाही. १६१० साली खडकी या नावाने वसलेल्या या गावात मलिक अंबरने डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणले, आणि पुढे अशाच एका नहरीच्या जोरावर पाणचक्कीचे जाते फिरले. आज शहराची तहान मुख्यतः पैठणजवळच्या नाथसागरावर भागते. धरण सुमारे पन्नास किलोमीटरवर असूनही गेल्या काही वर्षांत अनेक वसाहतींतील नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी आले. त्यामुळे नळ येण्याचा दिवस म्हणजे घरातील धावपळीचा दिवस. हंडे, पिंपे व गच्चीवरची टाकी भरून होते न होते तोच कोणाला तरी माशांची आठवण होते, आणि पेटी पूर्ण रिकामी करून ताज्या पाण्याने भरली जाते. माशांवर केलेला हा उपकार बहुधा त्यांचा घात करतो. ताज्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. शिवाय पेटीतील दगड-वाळूवर व गाळणीत वाढलेले उपकारक जंतू, जे अमोनियाचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये करतात, ते घासण्याधुण्यात नष्ट होतात.

खरा मार्ग याहून सोपा व काटकसरीचा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी वरचा थोडा भाग मोकळा ठेवून भरली, तर तीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. चार ते सहा हनी गौरामींना तेवढे पुरते. दर आठवड्याला यातील चतुर्थांश, म्हणजे साधारण एक बादली पाणी बदलावे. बदलीचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात निदान एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. घाई असल्यास दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध प्रमाणात घालावे. विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. ते वापरावयाचे झाल्यास नेहमी तेच वापरावे, एकाएकी बदल करू नये. गाळणीतील स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

पेटी आणल्या दिवशी मासे आणू नयेत. गाळणी चालू करून, रोज चिमूटभर खाद्य टाकून चार ते सहा आठवडे वाट पाहावी, म्हणजे वर सांगितलेले जंतू वाढीस लागतात. मुलांना हा काळ कठीण जातो, पण धीराचा पहिला धडा त्यांना येथेच मिळतो. पेटी पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवू नये, कारण मे महिन्यातील ऊन तिला तापवते. हिवाळ्यात रात्री येथे चांगलीच थंडी पडते, तेव्हा पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस राखणारा लहान हीटर हवा. झाकण अवश्य असावे. गौरामी वरची हवा घेतो, ती हवाही उबदार व दमट असली पाहिजे. प्रवाह मंद ठेवावा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींची थोडी सावली करावी. त्या आडोशाने हा भित्रा मासा पुढे येऊ लागतो.

सोबतीला लहान, शांत मासेच ठेवावेत. टायगर बार्ब त्याच्या पोटाजवळच्या धाग्यासारख्या परांना चावे घेतात. त्या परांनी तो आंधळ्याने काठीने चाचपावे तसा भोवतालचा स्पर्श घेत असतो. अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. डासांच्या अळ्या त्याला प्रिय आहेत, परंतु त्यांच्यासाठी घरात पाणी साठवून डेंग्यूला आमंत्रण देऊ नये. ड्वार्फ गौरामीत एक असाध्य विषाणुरोग आढळतो, यास्तव कोणताही नवा मासा प्रथम काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. आणि कंटाळा आला तरी हे मासे सलीम अली सरोवरात किंवा हर्सूलच्या तलावात सोडू नयेत. पेटीतला रोग तेथील माशांना लागावयास वेळ लागत नाही.

एवढी निगा राखली तर एके दिवशी घरातील मंडळींना एक अपूर्व देखावा पाहावयास मिळतो. नराचा रंग सोनेरी होतो, गळ्याखाली काळी छटा उतरते आणि तो तोंडाने बुडबुडे सोडून तरंगत्या पानांखाली फेसाचे घरटे बांधू लागतो. अंडी त्या फेसात ठेवली जातात. एखादे निसटून खाली गेले की तो ते तोंडात धरून पुन्हा जागेवर आणतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत पहारा देतो. बरणीत कसाबसा तगलेला मासा हे सहसा करीत नाही. आपण येथे सुखी आहोत, हे सांगावयास त्याच्यापाशी दुसरी भाषा नाही.

राहिला प्रश्न त्या आठवड्याच्या बादलीचा. पाणी जपून वापरणाऱ्या घराला ती उधळपट्टी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पेटीतून काढलेले पाणी वाया जाण्याचे कारण नाही. त्यातील नायट्रेट माशांना नकोसे असले तरी झाडांना ते खतच होय. गच्चीवरच्या कुंड्यांना आणि मोगऱ्याला जी बादली एरवी घालावी लागली असती, ती प्रथम माशांच्या उपयोगी पडून मग झाडांकडे जाते, इतकेच. घरातील धाकट्या मुलाकडे दर रविवारी हे काम सोपवावे. पाणी आणि जीव या दोहोंची किंमत त्याला निराळी शिकवावी लागणार नाही.