कटकट कोणाची, धंदा कोणाचा?

(बचत गट आणि स्त्री संघटनांमधल्या कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या सत्रात गटांनी आपापल्या उद्योगांची माहिती दिली, ती मी वहीत लिहून घेत होते. पापड, लोणची, मसाले, उदबत्ती, मेणबत्ती, पुन्हा पापड. त्यात वाईट काही नाही. पण एका तालुक्यातले इतके गट पापडच लाटायला बसले तर ते घेणार कोण? आपले पापड आपणच एकमेकींना विकायचे का? (हशा) आणि हे उद्योग आपल्याला सुचवले कोणी? बहुतेक वेळा प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांनी. बाई म्हटली की पापड, याच्या पलीकडे त्यांचीही नजर जात नाही.

मी आज दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणार आहे. दिवसभरात आपला जीव मेटाकुटीला आणणाऱ्या ज्या बारीकसारीक गोष्टी असतात, त्यांच्यापासून. भेंडी तोडताना बोटांना सुटणारी खाज. कपड्यांना खिसा नाही म्हणून ब्लाऊजमध्ये खुपसलेला आणि घामाने भिजलेला मोबाईल. भरलेला सिलिंडर एकटीने फरफटत आत नेणं. एसटी स्टँडवर बाळाला पाजायला आडोसा नसणं. या गोष्टींबद्दल विचारलं तर बायका म्हणतात, "त्यात काय सांगायचं बाई? ते असतंच." हे जे "असतंच" आहे ना, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे. पुरुषाला एखादी गोष्ट रोज छळायला लागली की ती समस्या ठरते, तिच्यावर बैठक होते, यंत्र निघतं. तीच बाईच्या वाट्याला असली की ती तिच्या पाचवीला पुजलेली.

नवनवीन वस्तूंचा इतिहास वाचला तर पुष्कळ शोध अशा कटकटीतूनच लागलेले दिसतात. पण कोणाच्या कटकटीतून, हे बघायला हवं. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईने १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. घर सुखवस्तू होतं. घरातल्या उंची चिनी मातीच्या बशा मोलकरणींच्या हातून धुताना टवके उडून खराब व्हायच्या, याचा तिला राग यायचा. पुढे नवरा कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा तिने हे यंत्र नेटाने पुरं केलं, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं, आणि हॉटेलांना विकलं. बाई कर्तबगार, यात शंका नाही. पण त्या मोलकरणींकडे बघा. वर्षानुवर्षं पाण्यात हात त्यांचे, चिरलेली बोटं त्यांची. शोधाला निमित्त झाला तो मात्र मालकिणीच्या बशीचा टवका.

दुसरी एक मेरी अँडरसन. न्यूयॉर्कच्या ट्राममधून जाताना तिने पाहिलं की बर्फ पडत असताना समोरचं दिसावं म्हणून चालकाला काच उघडावी लागते. तिने आतून दांडा फिरवून काच पुसायची युक्ती काढली आणि १९०३ साली पेटंट घेतलं. ती घेऊन कंपनीकडे गेली, तर यात धंद्याच्या दृष्टीने काही दम नाही असं उत्तर आलं. पेटंटची मुदत संपली, पुढे गाडीगाडीवर वायपर आले, आणि तिच्या हाती पैसा काही लागला नाही. म्हणजे त्रास दिसला, उपाय सुचला, कागदही झाला, तरी बाजारात बाईचा शब्द चालेलच असं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. पूर्वी जे परदेशी मिक्सर यायचे ते तिकडच्या स्वयंपाकासाठी बनवलेले. आपलं हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ यांच्यापुढे त्यांनी मान टाकली. सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नीचा असाच एक मिक्सर जळला. माथुर स्वतः इंजिनियर. त्यांनी १९६० नंतरच्या काळात आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी दणकट मोटर बसवून मिक्सर तयार केला, तोच 'सुमीत'. चांगली वस्तू झाली, माझ्या पिढीच्या अनेक बायकांचे हात तिने वाचवले. पण पाटा-वरवंट्यावर शेकडो वर्षं हात झिजत होते, तेव्हा कोणाला मोटर सुचली नाही. ज्या घरात तक्रार झाली त्या घरात इंजिनियर होता, म्हणून सुचली. आपल्यापैकी किती जणींच्या घरात इंजिनियर आहे? आणि असला तरी तो आपलं ऐकतो का? (हशा)

जिथे बाईला विचारलंच नाही तिथे काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे सुधारित चूल. १९८० नंतरच्या दशकात सरकारने बिनधुराच्या चुलींचा मोठा कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. हेतू उत्तम होता. चुलीच्या धुराने डोळे आणि फुप्फुसं जातात हे खरंच आहे. पण अनेक गावांत या चुली काही दिवसांतच अडगळीत गेल्या. तोंड लहान, त्यामुळे लाकूड बारीक फोडावं लागायचं, ते काम पुन्हा बाईचंच. भाकरी शेकायला समोर आहार लागतो, तो मिळेना. धुरांड्यात काजळी साठली की साफ कोणी करायची? हे सगळं कुठल्याही बाईने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.

याच्या अगदी उलट घडलेली गोष्ट पुण्याची आहे आणि ती मला जरा सविस्तर सांगायची आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना तिथे १९९३ पासून आहे. तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी २००८ साली करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. सभासद बहुतांश बायका, त्यातही दलित बायका जास्त. कचरा वेगळा करायचा म्हणजे हात घालावा लागतो, आणि हाताला काय लागायचं, तर वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर, तशीच उघडी टाकलेली. मध्यमवर्गीय घरातली बाई पाळीबद्दल कोणाशी बोलत नाही, पण तिचं पॅड दुसऱ्या बाईने हाताने उचलावं याचं तिला काही वाटत नाही. कडू आहे, पण खरं आहे.

या कचरावेचक बायकांनी काय केलं? जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या तयार करून विकायला काढल्या. पॅड त्यात घालायचं, तोंड बंद करायचं, मग कचऱ्यात टाकायचं. हाताला घाण लागत नाही आणि पिशवी बनवणारीला चार पैसे मिळतात. ज्याला पिशवी घेणं जमत नाही त्याने कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे उचलणारीला आत काय आहे ते कळेल, अशीही मोहीम पुण्यात झाली. लाल ठिपक्याला खर्च शून्य. कटकटीवरचा प्रत्येक उपाय विकायचाच असतो असं नाही, हेही त्यातून दिसतं.

पण त्या पिशवीपाशी थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर काय झालं असतं, कंपन्यांनी पॅड विकून नफा कमवायचा आणि त्यांचा कचरा झाकायची जबाबदारी सगळ्यात गरीब बाईने घ्यायची. म्हणून २०१३ साली त्यांनी वापरलेली पॅड थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम काढली. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा! २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं, अशी तरतूद आली. नियम पाळला किती जातो हा वेगळा विषय, त्यावर आपण उद्या बोलू. त्रास ज्यांचा, उपाय त्यांचा, विक्रीचे पैसे त्यांचे आणि हक्काची मागणीही त्यांचीच, असं एकाच ठिकाणी क्वचित बघायला मिळतं.

पॅडवरून आठवलं. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांची कहाणी २०१८ च्या सिनेमामुळे तुम्हाला माहीत झाली आहे. स्वस्त पॅड बनवण्याचं छोटं यंत्र त्यांनी केलं आणि ते बायकांच्या गटांना दिलं, हे मोठंच काम. पण सुरुवातीला त्यांना मोठी अडचण आली ती ही, की बायका बोलायलाच तयार नव्हत्या. जी गोष्ट उच्चारायची लाज वाटते तिच्यावर उपाय कसा निघेल? आणि २०१७ साली सरकारने पॅडवर १२ टक्के जीएसटी लावला तेव्हा बायका बोलल्या, म्हणून वर्षभरात तो काढावा लागला.

आता एक सावधगिरीची गोष्ट. प्रत्येक कटकटीची वस्तू करायची नाही. पाण्याचंच घ्या. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये एक गडगडत ओढायचा पिंप निघाला, त्यात ९० लिटर पाणी मावतं. आपल्याकडेही तशी चाकाची पिंपं आली आहेत. डोक्यावरचा भार उतरतो, मानेला आराम पडतो, हे मी नाकारत नाही. आज रात्री ज्या बाईला पाणी आणायचं आहे तिला ते पिंप मिळालंच पाहिजे. पण पिंप मिळालं म्हणून नळाची मागणी सोडायची का? विहिरीवर अजून तीच जाते आहे.

मुताऱ्यांचंही तसंच. मुंबईत २०११ साली अनेक संस्था एकत्र येऊन 'राईट टू पी' ही मोहीम सुरू झाली, कारण पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत आणि बायकांकडून मात्र घेतले जातात. आता बाजारात बायकांना उभ्याने लघवी करता यावी म्हणून कागदी नरसाळी मिळतात. प्रवासात उपयोगी असतील. पण स्वच्छ मुतारी देणं हे पालिकेचं काम आहे, ते आपल्या पर्समधून विकत घ्यायची वस्तू होऊ लागलं तर मला ते पटत नाही.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारावा. वेळ वाचला तो गेला कुठे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, बायकांचे आकडे २८९ आणि पुरुषांचे ८८. इतके गॅस, इतके मिक्सर, आणि बाईची दहा मिनिटं वाचली. तेवढ्यात पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली. (हशा) मिक्सर आला की "दोन चटण्या कर, आता काय कष्ट आहेत" हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे.

कधी कटकट संपत नाही, नुसती एका पाठीवरून दुसरीवर जाते. पोळीभाजी केंद्रं बघा. नोकरी करून आलेल्या बाईची पोळ्यांची कटकट सुटली, फार बरं झालं. पण आत शेगडीसमोर उभी राहून शेकड्याने पोळ्या लाटणाऱ्या बाईला एका पोळीमागे किती मिळतं? केंद्र तिच्या मालकीचं आहे की कोणा शेठचं? मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात त्यांना एकत्र केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. धंदा आधीपासून त्यांचाच होता, कमाई सावकाराची होती. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड लाटायला घेतले, त्यांच्याबद्दल पापड सोडून जे शिकण्यासारखं आहे ते हे, की लाटणारी तिथे नोकर नाही, भागीदार आहे.

तर मग करायचं काय? गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं काढा आणि एक वही ठेवा. कोणाला काय छळतं, किती वेळा, आणि सध्या ती त्यावर काय करते, हे लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. शेतात कामाला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. का? ऊन, कुसळं, औषधाचा फवारा. तो शर्ट म्हणजे तिने स्वतःच शोधलेला उपाय आहे. आता तिच्या मापाचा, मान झाकणारा, पदर आत राहील असा, वेचलेला कापूस टाकायला पुढे झोळी आणि मोबाईलला खिसा असलेला अंगरखा शिवणाऱ्या गटाने शिवला तर? परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे श्रम हलके करणाऱ्या साधनांवर काम झालेलं आहे, तिथे एकदा जाऊन बघा. परकराला खिसा लावून विकणं तर उद्यापासून जमेल. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या तो कधीपासून शिवून घेत आल्या आहेत.

पहिले दहा नग दहा जणींना आठवडाभर वापरायला द्या. नंतर "आवडलं का?" असं विचारू नका, भिडेखातर सगळ्या हो म्हणतील. "परत द्या" म्हणा. जी द्यायला कां कू करेल, ती तुमची खरी गिऱ्हाईक. वस्तू अगदीच नवी असेल तर जाहिरात करण्याआधी सल्ला घ्या. अशा गावातल्या कल्पनांची नोंद करायला, पेटंटला मदत करायला २००० सालापासून नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था गुजरातेत आहे. आणि कल्पना जिची, तिचं नाव गटाच्या ठराव-वहीत लिहा, नफ्यात तिचा वाटा काय तेही आधीच ठरवा. नंतर भांडणं होतात, ती मी पाहिली आहेत.

आता चहा आहे. त्यानंतर सहा-सहा जणींचे गट करून बसायचं आहे. मोठे कागद टेबलावर आहेत. लिहिता येत नसेल तिने शेजारणीला सांगावं, पण सांगावं जरूर. नवऱ्याविषयीच्या कटकटी पहिल्या पाच मिनिटांत उरकून घ्या, नाहीतर संध्याकाळ पुरायची नाही. (हशा) प्रत्येक गटाने दोन याद्या करायच्या: एक, जे आपण बनवू शकतो त्याची, आणि दुसरी, जे ग्रामपंचायतीकडून, पालिकेकडून, मालकाकडून घ्यायचं आहे त्याची. दुसरी यादी सोमवारी मोर्चाला जाताना आपण बरोबर नेणार आहोत, तेव्हा अक्षर जरा सुवाच्य काढा.