भिलाईचे बंदर

भिलाईपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरीही या पोलादनगरीला आपले म्हणता येईल असे एक बंदर आहे. ते म्हणजे विशाखापट्टण. या बंदराचा आणि छत्तीसगडच्या मैदानाचा ऋणानुबंध भिलाईच्या भट्ट्या पेटण्यापूर्वीचा आहे.

परकी सत्तेने वाढविलेल्या बंदरांचा धर्म बहुधा एकच असे. ऑस्ट्रेलियातील जिलाँगच्या धक्क्यावरून लोकरीचे गठ्ठे निघत, ते अखेर यॉर्कशायरच्या गिरण्यांत पोचत. मुंबईचा कापूस लँकेशायरला जाई. माल जाई तो कच्चा, येई तो पक्का; आणि या दोहोंमधील कौशल्य व नफा ही दोन्ही परदेशातच राहत.

विशाखापट्टणच्या नशिबी लोकर नव्हती, मँगनीज होते. विजयानगरमच्या परिसरात 1892 च्या सुमारास त्याच्या खाणी सुरू झाल्या. पुढे नागपूर, भंडारा, बालाघाट या जिल्ह्यांतही ते विपुल निघू लागले. पण हा माल मुंबईला किंवा कलकत्त्याला न्यायचा म्हणजे रेल्वेचे भाडेच फार पडे. विशाखापट्टणला सुरक्षित गोदी नव्हती. जहाजे उघड्या समुद्रात नांगरून राहत आणि लहान होड्या त्यांच्यापर्यंत माल पोचवीत.

बंगाल नागपूर रेल्वेचा रायपूर–विजयानगरम मार्ग 1931 मध्ये पुरा झाला आणि मध्यप्रांताला पूर्वसमुद्राचे दार मिळाले. डॉल्फिन्स नोज या डोंगराच्या आडोशाला दलदल उपसून बंदर सिद्ध करण्यात आले. प्रवेशमार्गात वाळू सारखी साचत असे. तिला अडविण्यासाठी दोन जुनी जहाजेच बुडवून त्यांचा बांध करण्यात आला. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी 19 डिसेंबर 1933 रोजी बंदराचे समारंभपूर्वक उद्घाटन केले. परंतु त्यापूर्वीच, 7 ऑक्टोबरला, पहिली आगबोट आत येऊन गेली होती. तिचे नाव ‘जलदुर्गा’. आणि ती सिंदिया कंपनीची, म्हणजे भारतीय मालकीची होती.

या योगायोगामागे मोठी झुंज होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1919 साली ही कंपनी काढली. त्याच वर्षी 5 एप्रिलला तिची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी भाडी उतरवून तिला जेरीस आणले. 1923 च्या तहाने ती तगली, पण तिच्या विस्ताराला मर्यादा पडल्या. किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे हाजी यांचे 1928 चे विधेयकही कायदा होऊ शकले नाही. आपल्याच किनाऱ्यावर आपली जहाजे चालविण्यासाठी परक्यांची मर्जी सांभाळावी लागत होती.

वालचंदांनी जहाजे बांधण्याचाच संकल्प सोडला आणि त्यासाठी विशाखापट्टण निवडले. तेथील कारखान्याची कोनशिला 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. पुढच्याच वर्षी जपानी बाँब पडले. तरी काम तडीस गेले. पंडित नेहरूंनी 14 मार्च 1948 रोजी 8,000 टनी ‘जलउषा’ पाण्यात सोडली.

जहाजाला पोलाद हवे. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएट संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपतींनी केले. ते राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादच होते. समुद्रकाठची ती कोनशिला आणि मैदानातील ही भट्टी एकाच हाताने जोडली गेली. जुना प्रवाहही काही अंशी उलटला: परदेशी कोळसा त्याच बंदरातून भिलाईच्या भट्ट्यांकडे येऊ लागला. 2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी लागलेल्या पोलादात भिलाईचाही वाटा आहे.

मात्र जुना धर्म पुरता सुटला, असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. 1960 साली जपानशी झालेल्या करारानंतर बस्तरमधील बैलाडिलाचे लोहखनिज विशाखापट्टणमार्गेच परदेशी निघाले. सत्ता स्वकीयांची झाली, तरी कच्च्या मालाची वाट एका दिवसात बदलत नाही. म्हणून बंदराचा हिशेब केवळ टनांत मांडून भागत नाही. डोंगरातून निघालेला दगड कोणत्या अवस्थेत जहाजावर चढतो, दगड म्हणून की पोलाद म्हणून, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर किनाऱ्यावर नव्हे, तर भिलाईसारख्या गावांतच घडत असते.